कोरोनात गेलेल्या माणसाचा हिशेब: ५० हजार की ३४ लाख?

शाहूपुरीकर:
जून २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं कोरोनात गेलेल्यांच्या वारसांना मदत द्यायला सांगितलं. मागणी ४ लाखांची होती. केंद्र म्हणालं, आपत्ती निधीच संपेल. शेवटी ठरले ५० हजार.

आता तोच माणूस शिरोली फाट्याला ट्रकखाली गेला असता तर? मोटार अपघात न्यायाधिकरणाचं सूत्र ठरलेलं आहे. समजा एमआयडीसीतल्या फौंड्रीतला मोल्डर, वय ३८, पगार १८ हजार, घरात बायको, दोन पोरं, आई. पुढच्या वाढीचे ४० टक्के धरून २५,२००. स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, राहिले १८,९००. वर्षाचे २,२६,८००, त्या वयाचा गुणक (किती वर्षांचं उत्पन्न धरायचं तो आकडा) १५. झाले ३४ लाख २ हजार. शिवाय अंत्यविधी वगैरेचे ७० हजार, २०१७ च्या निकालाप्रमाणं. म्हणजे नुसती किरकोळच ५० हजारांच्या वर!

जिवाचा पैशात हिशेब मांडलाच पाहिजे. नाही मांडला की सरकार तो शून्याजवळ धरतं, आणि मग ऑक्सिजन प्लांट महाग वाटतो.

तांबडा_पांढरा:
भावा, ट्रकचा विमा असतो, ड्रायव्हरची चूक असते. व्हायरसचा विमा कुणी उतरवला होता? आणि तुझ्याच सूत्रात पासष्टीपुढच्या म्हाताऱ्याचा गुणक ५. कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्यात एकच बेड उरला तर तुझं सूत्र कुणाकडं बोट दाखवणार, सांग की. ५० हजार कमीच आहेत, पण कारखानदाराला आणि हमालाला सारखे मिळाले. तेवढं तरी राहू दे.

उद्यमनगर_कट्टा:
दोघंही भरपाईत अडकलाय. अर्थशास्त्रज्ञ मेलेल्याची किंमत काढतच नाहीत, धोका कमी करायला जिवंत माणूस किती मोजेल ते बघतात. १० हजार कामगार, प्रत्येकाला वर्षात दहा हजारात एक एवढा मरणाचा धोका. तो टाळायला प्रत्येकजण हजार रुपये सोडायला तयार असेल, तर वाचणाऱ्या एका जिवामागं १ कोटी. कोण वाचणार हे आधी माहीतच नसतं, म्हणून बेडचा प्रश्न इथं येत नाही. हार्वर्डच्या कटलर आणि समर्स यांनी २०२० मध्ये अमेरिकेसाठी एका जिवामागं ७० लाख डॉलर धरले. एकूण फटका निघाला १६ लाख कोटी डॉलर. त्या मानानं चाचण्यांचा खर्च चिल्लर ठरतो, हेच त्यांना दाखवायचं होतं.

तांबडा_पांढरा:
आणि हजार रुपये सोडायला खिशात नसतील तर? इचलकरंजीतला यंत्रमागवाला दोनशेसुद्धा सोडणार नाही. म्हणजे त्याचा जीव २० लाखाचा? लई भारी शास्त्र.

उद्यमनगर_कट्टा:
म्हणूनच एका देशात सगळ्यांना एकच सरासरी आकडा लावतात. पण अमेरिकेचा वेगळा, आपला वेगळा, हे खरं आहे. त्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

करवीरची_लेक:
तुमच्या दोन्ही हिशेबांत आमची काकी कुठं बसते? दुसऱ्या लाटेत गेली. पहाटे दोन म्हशींच्या धारा, वैरण, शेण, दूध संस्थेत घालणं, सगळं तिच्याकडं. संस्थेत सभासद म्हणून नाव काकांचं. कागदावर ती घरकाम करणारी, उत्पन्न निरंक. ती गेल्यावर दोन महिन्यांत म्हशी विकल्या. मग उत्पन्न कुणाचं होतं?

शाहूपुरीकर:
ताई, कोर्टानं २००१ मध्येच गृहिणीच्या कामाचे महिना ३ हजार धरले होते. तुटपुंजे, पण शून्य नाही. माझा मुद्दा तोच, आकडा धरला की भांडता येतं.

गंगावेस_पैलवान:
आधी डोकी तरी मोजा. २०२१ अखेर सरकारी मृत्यू ४.८१ लाख, जागतिक आरोग्य संघटनेचा दोन वर्षांचा अंदाज ४७ लाख. सरकारला तो मान्य नाही. एका जिवाला काय लावायचं यावर तुम्ही रात्र काढा, किती जिवांनी गुणायचं हेच ठरलेलं नाही.

तांबडा_पांढरा:
हे बरोबर. आणि ताई, काकींचं काम खरंच मोठं. पण त्याचा पगार ठरवणार कोण? तलाठी?

करवीरची_लेक:
तलाठी कशाला? संस्थेची दहा-दहा दिवसांची दूधबिलं आहेत की. वैरण-पेंडीचा खर्च वजा करा, उरेल त्यातले निम्मे तरी तिच्या नावावर टाका. एवढं गणित शिरोलीच्या मोल्डरपेक्षा सोपं आहे.