कल्पित राज्यात हरिपूरची पेवं चालतील का?

हरिपूरकर: काल इथं एकांनी लिहिलं, "अद्भुतकथेचं राज्य उभारताना कुठल्याही संस्कृती मिसळा, वाचकाला फरक पडत नाही." त्यांचं राज्य म्हणजे समुद्रातलं सखल बेट, पहाऱ्याला जपानी सामुराई योद्धे आणि हळद साठवायला पेवं, म्हणजे जमिनीत खणलेली खोल कोठारं. मला फरक पडतो! आमच्या सांगलीजवळच्या हरिपूरची माती ढासळत नाही, ओल धरत नाही. तोंड बुजवलं की आत हवा उरत नाही, कीड जगत नाही, म्हणून हळद वर्षानुवर्षं टिकते. त्या बेटावर हातभर खणलं की पाणी लागेल. सामुराई खुशाल आणा, पण ते कुणाचे चाकर, त्यांना पोसतं कोण, एवढं तरी ठरवा.

मिरजकर: एवढा हिशेब मागितलात तर नवीन पोरं लिहायचीच नाहीत. आमच्या मिरजेत हत्यारं घडवणारे शिकलगार सतारी-तंबोरे करायला लागले. भोपळा येतो पंढरपूरकडून. त्यांनी कुणाला विचारलं होतं?

हरिपूरकर: विचारायचं मी म्हटलंच नाही. हत्यारांची मागणी आटली, संस्थानात गवई येत होते, हातात कसब होतं. त्या मिसळीला कारण होतं. मी कारणच मागतोय.

वाळव्याची लेक: पेवांचं कौतुक पुरे करा. २००५ च्या पुरात आमच्या वडिलांची हळद पेवातच कुजली. ओल धरत नाही म्हणे!

हरिपूरकर: ताई, मातीतनं ओल येणं वेगळं, कृष्णा वरून आत शिरणं वेगळं.

वाळव्याची लेक: ज्याचा माल गेला त्याला हा फरक शिकवू नका. त्या साली माझं लग्न पुढं ढकललं होतं.

सांगलीवाडीकर: दुःख खरं आहे ताई. पण पेवं होती म्हणूनच माझ्या आजोबांना भाव येईपर्यंत माल थांबवता आला. आता गोदामाचं भाडं भरा, वर कीड लागू नये म्हणून औषध मारा.

वाळव्याची लेक: गोदामातला माल निदान डोळ्यांना दिसतो. पुराचा इशारा आला की ट्रकात भरून हलवता येतो. पेव एका रात्रीत उपसून दाखवा!

सांगलीवाडीकर: ट्रक मिळाला तर ना. २०१९ ला माणसं हलवायला नावा पुरल्या नाहीत.

मिरजकर: मूळ विषय राहिला बाजूला. बरं, बेटावर पेव नको, एवढं मानतो. सामुराईंच्या पगाराचा हिशेब मात्र माझ्या कथेत मी लिहिणार नाही.

वाळव्याची लेक: नदीकाठचं राज्य घ्या, पेवं ठेवा, आणि पूरही येऊ द्या. तसं लिहिलंत तर मी वाचेन.

सांगलीवाडीकर: आणि पेव उघडल्या उघडल्या नायकाला आत उतरवू नका. हवा खेळू द्यावी लागते, नाहीतर माणूस गुदमरून मरतो.