तीन अर्ध्यांचं वर्ष

वर कुणीतरी विचारलंय, इंग्लंडमधल्या ईटन या मुलांच्या निवासी शाळेत सत्राला 'हाफ' म्हणतात, मग वर्षात तीन हाफ कसे? हिशेबानं दीड वर्ष होतं की! पूर्वी तिथे खरंच दोन सहामाह्या होत्या. पुढे तीन सत्रं झाली, नाव तेच राहिलं. आपल्याकडे नाही का, चार आणे गेले तरी 'चाराण्याची अक्कल' शिल्लक आहे.

सप्टेंबरात सुरू होणारा मायकेलमस हाफ मला सगळ्यात मजेशीर वाटतो. तेराव्या वर्षी आलेल्या पोराला पहिल्या दिवसापासून स्वतंत्र खोली मिळते, अंगावर काळा टेलकोट चढतो आणि भाषाही नव्यानं शिकावी लागते. शिक्षक म्हणजे 'बीक', वसतिगृहातल्या मुलांची काळजी घेणारी बाई 'डेम', आणि हजेरीला म्हणायचं 'अॅबसेन्स'! म्हणजे अॅबसेन्सला हजर राहायचं. हे ज्यानं ठरवलं त्याला दंडवत.

याच सत्रात 'वॉल गेम' नावाचा चेंडूचा खेळ असतो. विटांच्या लांबलचक भिंतीला खेटून, जेमतेम पाच मीटर रुंदीच्या पट्टीत, चिखलात पोरांचा ढीग. ३० नोव्हेंबरच्या आसपास, सेंट अँड्र्यूज डेला मोठा सामना होतो. एका बाजूला शिष्यवृत्तीवाले सत्तर 'कॉलेजर', दुसऱ्या बाजूला बाकी हजारावर पोरांतून निवडलेले 'ऑपिडन'. संघ मात्र दहा-दहांचेच. या सामन्यात शेवटचा गोल झाला १९०९ साली. तरी दरवर्षी भिंतीवर चढून बघणारी पोरं असतातच.

उन्हाळी हाफमध्ये होडीवाले आणि क्रिकेटवाले असे तट पडतात, पण तो वेगळा विषय.