स्पिअरफिशिंगसाठी टॉर्पेडो फ्लोट घ्यावा की बोर्ड? मदत हवी आहे

स्पिअरफिशिंग म्हणजे पाण्याखाली बुडी मारून भाल्याने मासे मारणं; फ्लोट म्हणजे त्यावेळी दोराने मागे ओढत न्यायचा तरंगता आधार, टॉर्पेडो लांबट आकाराचा आणि बोर्ड सपाट फळीसारखा. किनाऱ्यावरून पोहत जाऊन 10 ते 15 मीटर खोलीत, खडकाळ तळावर वापरायचा आहे. टॉर्पेडो ओढायला हलका, फुटणाऱ्या लाटांतून न्यायलाही सोपा. पण त्यावर पाण्याची बाटली, जादा भाला, मासे ठेवायला जागाच नसते. बोर्डवर हे सगळं मावतं, दमल्यावर छाती टेकून विसावता येतं. अडचण वाऱ्याची. बोर्ड शिडासारखा वारा धरतो, दोर सतत ताणलेला राहतो. मग 1.5-2 किलोचं वजन सोडून तो थांबवावा लागतो, आणि खडकात ते वजन हमखास अडकतं.

हवेच्या फ्लोटला माशाच्या काट्याची आणि भाल्याच्या टोकाची भीती. शिवाय भर उन्हात टम्म भरून ठेवला तर जोड सुटतात. फोमचा कडक फ्लोट या कटकटीतून सुटतो, पण प्रवासात जागा खातो.

दोर 25 मीटरचा, तरंगणारा घेणार आहे (बुडणारा खडकात गुंततो). वाऱ्यात बोर्ड ओढताना दोर अगदी नाकाला (पुढच्या टोकाला) बांधावा की थोडा मागे, खालच्या कडीला? टॉर्पेडोवरचा झेंडा (खाली कुणी बुडी मारलीय हे बोटींना दाखवणारा) आडवा पडू नये म्हणून खाली किती वजन लावता? दोन्ही वापरलेल्यांनी जरूर सांगावं.