नोंद नाही म्हणजे वस्तू नाही, असे नव्हे
ऑनलाइन तालिकेत (कॅटलॉगमध्ये) नाव टाकून काही सापडले नाही, तर ते साहित्य ग्रंथालयात नाहीच असे समजावे, हे मत छापील पुस्तकांपुरते बहुतांशी मान्य आहे; हस्तलिखिते आणि छायाचित्रांना मात्र ते लागू होत नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये एखाद्या व्यक्तीच्या हजारो कागदांच्या संग्रहाला तालिकेत बहुधा एकच नोंद असते, आणि कोणत्या खोक्यात कोणाचा पत्रव्यवहार आहे हे त्या संग्रहाच्या स्वतंत्र मार्गदर्शक सूचीत दिलेले असते. म्हणून पत्र लिहिणाऱ्याऐवजी ज्याला ते आले असेल त्याच्या नावाने शोधावे, कारण पत्रे बहुधा घेणाऱ्याच्या संग्रहात राहतात; हे ध्यानात आल्यावर माझ्या शोधाची दिशाच बदलली.

सूचीतही धागा लागला नाही, तर त्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून संदर्भ ग्रंथपालांना लेखी प्रश्न विचारता येतो. ही सेवा विनामूल्य आहे. प्रश्नात आधी कुठे कुठे शोधले, कोणता कालखंड हवा आणि माहिती कशासाठी हवी हे स्पष्ट लिहावे. ग्रंथपाल संपूर्ण संशोधन करून देत नाहीत, पण नेमका संग्रह दाखवून देतात.