टिपणांच्या वह्या भरल्या, कादंबरी मात्र सरकत नाही

दस्तलेखक
तालुक्याच्या ठिकाणी दुय्यम निबंधक कार्यालयाशेजारी माझे दस्तलेखनाचे काम चालते. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र अशा कामांसाठी माणसे येतात आणि त्यांचे लक्षात राहिलेले बोलणे मी संध्याकाळी वहीत टिपून ठेवतो. मध्यंतरी साठीच्या एक बाई भावाला हक्कसोडपत्र करून द्यायला आल्या होत्या. शेतात राबून अंगठ्याच्या रेषा इतक्या झिजल्या होत्या की यंत्रावर ठसा उमटेना, आणि भाऊ स्वतःच्या रुमालाने त्यांचा अंगठा पुन्हा पुन्हा पुसत होता. असे प्रसंग माझ्याकडे भरपूर आहेत, पण कादंबरी लिहायला बसलो की ते सुटेसुटेच राहतात. या रोजच्या सामग्रीचे कादंबरीकार नेमके काय करतात?

पाणंद
प्रसंग उत्तम आहे, परंतु तो पाहणारा कोण, हे आपल्या टिपणात कुठेच नाही. या दृष्टीने व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) पुन्हा वाचावी. तिथला निवेदक हा धनगरांच्या वाडीत नव्याने आलेला कोवळा, परका मास्तर आहे. वाडीतली माणसे, मेंढरे, तंटे हे सारे तिथे केवळ वर्णनापुरते येत नाही. शाळेत पोरे यायची असतील तर मास्तरला ते समजून घेणे भाग आहे, म्हणून येते. आपल्या प्रसंगात असा माणूस आयताच हजर आहे. बहीण किती किमतीचा हिस्सा सोडते आहे हे दस्तलेखकाला ठाऊक असते, ‘विनामोबदला’ हा शब्द त्यानेच टाइप केलेला असतो, आणि तरीही त्याबद्दल चकार शब्द काढणे त्याच्या धंद्यात बसत नाही. मला तर कादंबरी तिथेच दिसते.

हर्णैकर
मी म्हणेन, वही काही काळ कपाटात ठेवा. श्री. ना. पेंडसे यांचे बालपण दापोली तालुक्यात गेले, पण पुढचे आयुष्य मुंबईत, बेस्टच्या नोकरीत गेले. ‘गारंबीचा बापू’ (१९५२) मधले कोकण हे मुंबईत राहून आठवलेले कोकण आहे. आठवणीत जे टिकते तेच बहुधा कामाचे असते, असा माझा तरी समज आहे.

वऱ्हाडी वाचक
हर्णैकरांचे म्हणणे मला अर्धेच पटते, कारण अंगठ्याची ती झीज टिपली नसती तर वर्षभराने ‘एक गरीब बाई’ एवढेच उरले असते. सुटेपणावरचा उपाय मला उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) दिसतो. कौतिकचा संसार तगणार कसा, हा एकच प्रश्न तिथे प्रत्येक प्रसंगाच्या मुळाशी आहे, त्यामुळे किरकोळ बोलण्यालाही वजन येते. आपल्याकडे तर असा धागा दप्तरातच आहे. एक गट नंबर घ्या आणि त्याच्या सातबाऱ्यावरची नावे फेरफारागणिक कशी बदलत गेली, त्या क्रमाने माणसे आणा. जो प्रसंग त्या जमिनीला शिवत नाही, तो कितीही आवडता असला तरी वगळा.

दस्तलेखक
गट नंबरची कल्पना फार उपयोगी वाटते. शंका एवढीच आहे की ही माणसे विश्वासाने माझ्याकडे येतात आणि उद्या कोणी स्वतःला पुस्तकात ओळखले तर काय?

पाणंद
गाव, पीक, नाते आणि काळ बदलावा; दोन अशिलांचे एक पात्र करावे. दस्तातला मजकूर तर जसाच्या तसा मुळीच उचलू नये. अंगठा मात्र राहू द्या, कारण तसे अंगठे गावोगाव आहेत. त्यातही भाऊ रुमालाने पुसतो तो धाकटा आहे की थोरला, हे आधी ठरवा. धाकटा असेल तर त्या बहिणीने त्याला अंगाखांद्यावर खेळवलेले असणार आणि मग पहिले प्रकरण निबंधक कार्यालयात नव्हे, पन्नासेक वर्षे आधी त्याच शेतात सुरू करावे लागेल.