दिवाळीची तिकिटं: बँक म्हणते नाव जुळत नाही

मीनल:

नमस्कार मंडळी,
मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाच्या तिकिटांचे पैसे भरायला बसले तर बँकेचं ॲप म्हणतंय नाव जुळत नाही. खजिनदार अमोलच्या मेलमधलंच नाव कॉपी-पेस्ट केलंय, सॉर्ट कोड (इथे यूकेत बँक-शाखेचा नंबर), अकाउंट नंबर दोन्ही पुन्हा ताडून बघितले, तरी तीच लाल चौकट, खाली 'हे पैसे भलत्याच माणसाकडे जाऊ शकतात आणि परत मिळतीलच असं नाही'. शुक्रवारी विक्री बंद म्हणता, मग भरू का थांबू? नवरा म्हणतो दाब 'तरीही पाठवा', मंडळाचंच तर खातं आहे. मला ते बटण दाबायचं नाहीये.

नाना:

मला काहीच आलं नाही. सकाळी चहा व्हायच्या आत भरून मोकळा झालो. मीनल, तुझं ॲप जुनं असेल, अपडेट मार.

केदार:

नाना, तुम्हाला येणारच नाही, कारण तुमच्या ॲपमध्ये मंडळ आधीपासून सेव्ह आहे. नाव तपासतात ते नवीन पेयी, म्हणजे पैसे घेणारा, टाकताना किंवा तपशील बदलताना, जुन्या सेव्ह केलेल्याला बहुतेक बँका परत विचारत बसत नाहीत. ॲपचा काही संबंध नाही.

मीनल, थांब, भरू नकोस. होतं असं की तू टाकलेलं नाव तुझी बँक मंडळाच्या बँकेला विचारते, ती बँक आपल्या दप्तरातल्या नावाशी ताडून उलट कळवते, आणि हे सगळं तू कन्फर्म दाबायच्या आत. म्हणजे 'जुळत नाही' हे तुझी बँक म्हणत नाहीये, मंडळाची बँक म्हणतेय. नाव थोडंसंच चुकलं असतं, एखादं अक्षर इकडे-तिकडे, तर तिने खरं नाव दाखवून 'हे म्हणायचंय का' असं विचारलं असतं. साफ जुळत नसेल तर खरं नाव दाखवत नाहीत, नाहीतर कोणीही नंबर टाकून खातं कोणाचं ते काढेल. तुला नाव दाखवलं नाही याचा अर्थ खात्यावरचं नाव बरंच वेगळं आहे. अमोल, स्टेटमेंटवर नक्की काय छापलंय?

रवींद्र (माजी खजिनदार):

सर्वांना नमस्कार.
खात्याचं नाव 'चुकीचं' आहे असा सूर लागतोय म्हणून लिहितो. खातं उघडलं तेव्हा संस्था 'कल्चरल असोसिएशन' म्हणून नोंदलेली होती आणि खातं त्याच नावाने आहे. 'मराठी मंडळ' हे नंतर घटनेत बदललं, त्या वेळी बँकेला कळवायचा ठराव झाला होता, मिनिट्समध्ये आहे. पुढे कोणी काय केलं ते मला विचारू नये. माझ्या काळात चेक यायचे आणि एकही परत गेला नाही.

अमोल (खजिनदार):

रवीकाका, कोणी तुम्हाला काही म्हणत नाहीये. तो ठराव मी वाचलाय. बँकेचा फॉर्म भरून ठेवलाय, पण नाव बदलायला मँडेटवरच्या, म्हणजे खातं चालवायचा अधिकार असलेल्या, दोघांच्या सह्या लागतात आणि त्यातली एक अजून तुमची आहे. तेवढी सही झाली की फॉर्म जाईल.

शुभांगीताई:

अरे एवढं काय त्यात. आधी एक पौंड पाठवायचा, पोचला की बाकीचे. मी मुलीच्या घराचं डिपॉझिट असंच भरलं, एवढी मोठी रक्कम, काही झालं नाही.

केदार:

शुभांगीताई, एक पौंड पोचला म्हणजे ते खातं चालू आहे एवढंच कळतं. कोणाचं आहे ते नाही कळत. चोराच्या खात्यातही पौंड व्यवस्थित पोचतो, कुठल्याही बँकेत परत येत नाही. उपयोग तेव्हाच जेव्हा तुम्ही पाठवल्यावर अमोलला त्याच्या जुन्या नंबरवर फोन करून विचारता 'आला का, कोणाच्या नावाने आला'. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करून नाही, कारण मेल खोटा असेल तर नंबरही खोटाच.

हॉलच्या डिपॉझिटचं प्रकरण सगळ्यांना आठवतंय. मेल हुबेहूब हॉलवाल्यांचा, फक्त 'आमची बँक बदलली'. तेव्हा नाव जुळत नाही म्हणूनच पैसे वाचले.

रवींद्र:

दुरुस्ती. हॉलचे पैसे नाव न जुळल्यामुळे वाचले नाहीत. हॉलच्या मॅनेजरबाईंना मी स्वतः फोन केला म्हणून वाचले.

केदार:

काका, फोन केलात कारण स्क्रीनवर लाल आलं होतं. दोन्ही खरं. राहू दे.

सुप्रिया:

पण मला सांगा, या मॅचिंगवर किती विश्वास ठेवायचा? माझ्या भावाला ज्याने गंडवलं त्याच्या वेळी नाव बरोब्बर जुळलं होतं. गाडी विकत घ्यायची होती, त्या माणसाने नाव दिलं, टाकलं, हिरवी टिक आली, पैसे गेले, गाडी कधी आलीच नाही. नंतर कळलं की ज्याच्या नावाचं खातं होतं त्या पोराने ते वापरायला दिलं होतं, कमिशनवर. बँक म्हणाली नाव तर जुळलं होतं ना, मग.

आणि उलटं बघा. माझं खातं तीन शब्दांचं आहे, माझं, बाबांचं आणि आडनाव, पगाराच्या फॉर्मवर मात्र दोन. नवीन नोकरीत एचआरवाली म्हणते 'तुझे डिटेल्स संशयास्पद येतायत'. ज्यांचं लग्नाआधीचं आडनाव खात्यावर आणि नंतरचं सगळीकडे त्यांचे हाल तर विचारूच नका. मी आता कोणालाही डिटेल्स देताना कार्डावर छापलंय तसंच नाव देते, आईने ठेवलेलं नाव बाजूला.

केदार:

सुप्रियाचा मुद्दा लाखमोलाचा आहे. हिरवी टिक म्हणजे हे नाव आणि हा नंबर एकमेकांचे आहेत, बस. माणूस प्रामाणिक आहे की नाही ते बँकेला कुठून कळणार. भाड्याने खातं देणारा पोरगा आपलं खरं नावच सांगतो, त्यामुळे ते जुळतं. फोनवरचे ठग तर आधीच सांगून ठेवतात, 'लाल चौकट येईल हं, आमचं सेफ अकाउंट आहे, दुर्लक्ष करा'. असं कोणी आधीच सांगितलं तर तिथेच फोन ठेवायचा.

भावाला सांग, पैसे ७ ऑक्टोबर २०२४ नंतर गेले असतील तर आता नियम आहे, फसवून पाठवायला लावलेले पैसे बँकेने परत करायचे, ८५,००० पौंडांपर्यंत. पाठवणारी आणि घेणारी बँक निम्मंनिम्मं सोसतात. पहिले १०० पौंडांपर्यंत कापून घेऊ शकतात. पैसे यूकेतल्याच खात्यात गेलेले हवेत आणि क्लेम १३ महिन्यांच्या आत. 'नाव जुळलं होतं' हे नकार द्यायचं कारण होत नाही. पण बँकेने स्पष्ट सावध केलेलं असताना आपण धडधडीत पुढे गेलो तर बँक तुमच्या हयगयीकडे बोट दाखवणार, म्हणून मीनलने बटण दाबलं नाही ते उत्तम केलं.

नाना:

म्हणजे मी चुकून केदारऐवजी दुसऱ्याला पाठवले तरी ८५,००० मिळणार का? मग काळजी कसली.

केदार:

नाही नाना, चूक वेगळी आणि फसवणूक वेगळी. आकडा चुकून पैसे परक्याकडे गेले तर तो नियम लागू नाही. बँकेला लगेच सांगायचं, त्यांनी दोन कामकाजाच्या दिवसांत पाठपुरावा सुरू करायचा असतो, आणि समोरच्याने हरकत घेतली नाही तर साधारण वीस कामकाजाच्या दिवसांत परत येतात. त्याने हरकत घेतली की बसा भांडत. २०२० च्या आधी तर हे सर्रास व्हायचं, कारण नाव कोणी बघतच नव्हतं, सॉर्ट कोड आणि अकाउंट नंबर एवढ्यावर पैसे जायचे. नावाच्या रकान्यात 'पेशवे बाजीराव' लिहिलं असतंत तरी गेले असते. सहा मोठ्या बँकसमूहांना तपासणी सुरू करायची सक्ती झाली तेव्हा हे थांबलं, बाकीच्या बँका मागाहून आल्या.

शुभांगीताई:

आपल्याकडे भारतात जास्त चांगलं आहे. यूपीआयला नंबर टाकला की आधीच नाव दिसतं. इथे आपण नाव टाइप करायचं आणि मग हो-नाही, ही कुठली पद्धत.

सुप्रिया:

ताई, नाव दिसतं पण ते पूर्वी समोरच्याने ॲपमध्ये हवं ते ठेवलेलं असायचं, म्हणून तर २०२५ च्या जूनअखेरपर्यंत सगळ्या यूपीआय ॲपना बँकेच्या दप्तरातलंच नाव दाखवायला लावलं. एनईएफटी-आरटीजीएसला तर तेही नव्हतं, आईला पैसे पाठवताना अकाउंट नंबर दोनदा टाइप करायचा हाच काय तो बंदोबस्त. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत नाव दाखवायची सोय करायला सांगितली.

वैदेही:

मी आता ॲमस्टरडॅमला असले तरी लिस्टवर आहे हं, कोणी काढलं नाही अजून. इथल्या बँकांकडे नावाची तपासणी २०१७ पासूनच आहे, आणि ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना ती सक्तीची झाली, ग्राहकाला फुकट. इथून यूकेत पाठवताना मात्र कोणी काही विचारत नाही, तेव्हा मंडळाच्या कार्यक्रमाचे पैसे पाठवायचे तर मला अमोलच्या शब्दावरच विसंबायचंय. अमोल, माझी दोन तिकिटं ठेव.

रवींद्र:

अमोल, सही मी केली आहे. शनिवारी हॉलवर देतो. मात्र खात्याचं जुनं नाव पूर्ण पुसायचं नाही, असं माझं मत आहे आणि ते नोंदवावं.

अमोल (खजिनदार):

नोंदवलं, काका. आज बँकेत विचारलं, नाव बदलून होईपर्यंत 'मराठी मंडळ' हे प्रचलित नाव म्हणून त्यांच्याकडे जोडून ठेवायची सोय आहे, म्हणजे तेही जुळेल. ते लागू झालं की इथे कळवतो, तोवर सगळ्यांनी असं करा.

नाव स्टेटमेंटवर आहे तसं पूर्ण, '...कल्चरल असोसिएशन', 'मराठी' न लावता, शॉर्टकट न करता. आणि खात्याचा प्रकार विचारला की 'बिझनेस' निवडा. पर्सनल निवडलंत तर नाव बरोबर असूनही ॲप म्हणेल हे खातं वैयक्तिक नाही आणि तुम्ही पुन्हा घाबरून मेल कराल. नंबर पूर्वीचाच आहे, बदललेला नाही. बदलला असा मेल कधी माझ्या नावाने आला तर तो माझा नाही, मी बदल फक्त सभेत सांगणार. मीनल, तुझ्यासाठी रविवारपर्यंत चार जागा धरून ठेवतो.

मीनल:

जुळलं! हिरवी टिक. पैसे पाठवले. धन्यवाद केदार, अमोल.

नाना:

मग माझे पोचले का?

अमोल (खजिनदार):

नाना, काही सांगता येत नाही. सकाळपासून खात्यावर बरेच आलेत आणि त्यातल्या निम्म्यांच्या संदर्भात नुसतं 'दिवाळी' लिहिलंय. तुम्ही काय लिहिलं होतं? तिथे १८ अक्षरं मावतात, कृपा करून आडनाव आणि तिकिटांची संख्या लिहा.

नाना:

मी 'दिवाळी' लिहिलंय.