मदत हवी आहे: खोलीबाहेर, बाजारात थेरपी देणारं कुणी आहे का? (लातूर)

नमस्कार मंडळी. भाचा सहा वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. स्पीच (बोलण्याची) आणि ऑक्युपेशनल (रोजची कामं शिकवणारी) थेरपी सुरू आहे. सेंटरच्या खोलीत पोरगं एकदम गुणी. "पाणी द्या" म्हणतो, नंबर येईपर्यंत थांबतो, चित्रातले पेरू-केळी बरोबर दाखवतो. त्यालाच गंजगोलाईच्या बाजारात नेलं की कान दाबून खालीच बसतो. सोळा रस्ते एकत्र येतात तिथं, हॉर्न, हातगाडे, भाव ओरडणारे... त्याचं तरी काय चुकलं म्हणा! एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप येत नाही, हे ऑटिझममध्ये नेहमीचंच.

म्हणून वाटतं, आठवड्यातलं एक तरी सेशन किराणा दुकानात, एसटी स्टँडवर, नाहीतर भाजीवाल्या मावशींपाशी व्हावं. दहाची नोट द्यायची, कोथिंबीर मागायची, सुटे परत घ्यायचे. बस्स, एवढंच. थेरपीच्या मॅडमना विचारलं तर "सेंटरबाहेर जमणार नाही."

लातूर, धाराशिव, नांदेडकडं असं करणारे थेरपिस्ट कुणाला माहीत आहेत का? सरकारी डीईआयसीतून (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर उपचार करणारं जिल्ह्याचं केंद्र) कुणी बाहेर येतं का? ऑटिझमसारख्या अपंगत्वासाठीच्या सरकारी 'निरामय' आरोग्य विम्यात थेरपीचा खर्च मिळतो, पण अशा सेशनचं बिल कसं लावायचं?

आणि घरच्यांनीच करायचं ठरलं तर सुरुवात दुपारच्या शांत वेळी करावी ना? लोक थांबून बघतात, "काय झालंय ओ पोराला?" विचारतात. त्याच्यासमोर त्यांना तुम्ही काय उत्तर देता, तेही लिहा.